पालापाचोळ्याच्या दोन पाळ्या : सह्याद्रीच्या रानात पान नेमकं कसं कुजतं

मार्च संपताना भीमाशंकरच्या किंवा महाबळेश्वरच्या रानात शिरलं की पायाखाली नुसता चुरचुराट असतो. ऐन, किंजळ, बहावा, साग यांची पानं गळून गेलेली असतात, आणि वरच्या अंजनी-जांभूळ-पिसाच्या सदाहरित रानातसुद्धा जुनी पानं याच दिवसांत जास्त पडतात. आता एक साधी अडचण बघा. कुजायला ओल लागते. पाऊस जूनमध्ये येतो आणि ऑक्टोबरमध्ये जातो. पानं मात्र डिसेंबर ते एप्रिल पडतात, म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा कुजवणाऱ्यांचं काम बंद असायला हवं. पान पडण्याची वेळ आणि कुजण्याची वेळ यांचा मेळच बसत नाही.

तरीही दरवर्षी पाचोळा जिरतो. आपल्याकडे त्याचा थर बहुतेक ठिकाणी चार-पाच बोटांच्या वर जात नाही. याचं कारण असं की रानाच्या जमिनीवर दोन पाळ्यांत काम चालतं. कोरड्या पाळीत वाळवी असते, ओल्या पाळीत बुरशी आणि तिच्या मागोमाग येणारं किड्यामुंग्यांचं लटांबर. कुजणं म्हटलं की आपल्याला पावसाळा आठवतो, पण सह्याद्रीत अर्धी गोष्ट उन्हाळ्यात घडते.

पानात असतं काय

गळण्याआधी झाड पानातला माल परत ओढून घेतं. नत्र साधारण निम्मं, स्फुरद आणि पालाशही जमेल तितकं. म्हणून गळायच्या आधी पान पिवळं पडतं. खाली येतं ते बहुतांशी रिकामं खोकं: थोडी साखर, बरंचसं सेल्युलोज, लिग्निन आणि टॅनिनसारखी कडवट द्रव्यं. साखर कुणीही खातं. सेल्युलोज म्हणजे साखरेचीच लांब साखळी, ती तोडायला खास विकरं (एन्झाइम) लागतात. लिग्निन हे सगळ्यात चिवट. त्याची रचना इतकी वेडीवाकडी असते की ते फोडण्याचं काम मुख्यतः काही मोजक्या बुरश्याच करतात.

म्हणून सगळी पानं सारख्या वेगाने कुजत नाहीत. पांगारा, करंज ही शेंगवर्गीय झाडं. त्यांच्या पानात नत्र जास्त, पान मऊ, त्यामुळे पावसात ती बघता बघता विरघळतात. उंबराचंही लवकर जातं. अंजनीचं पान चामड्यासारखं, जाड आणि तुरट. साग, आंबा, फणस हेही रेंगाळणारे. रानात एका ठिकाणी बसून वरची पानं बोटाने बाजूला करत गेलं तर हा फरक डोळ्यांनी दिसतो. वर अख्खी, ओळखू येणारी पानं. त्याखाली एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्या धाग्यांनी शिवल्यासारखी पानं, काहींची नुसती जाळी उरलेली. अगदी खाली काळपट चुरा, ज्यात पान कुठलं आणि विष्ठा कुठली हे सांगता येत नाही. (बोटाने म्हटलं, पण आधी काठीने उकरा. फुरसं आणि घोणस दोन्ही पाचोळ्यात पाचोळ्यासारखीच दिसतात.)

कोरडी पाळी : वाळवी

फेब्रुवारी-मार्चमध्ये रानातलं एखादं पान उचललं की खालून मातीचा पापुद्रा निघतो. ओल्या मातीत लाळ मिसळून वाळवीने तो लिंपलेला असतो. वाळवीची कातडी पातळ, उन्हात ती काही मिनिटांत वाळून मरेल. म्हणून ती उघड्यावर खातच नाही. आधी छप्पर घालते, मग छपराखाली बसून पान, काटकी, साल खाते. छप्पर फोडलं तर आत पांढुरके कामकरी धावपळ करताना दिसतात आणि मोठ्या डोक्याचे शिपाई भोकाशी येऊन उभे राहतात.

आपल्याकडची मोठी वारुळं करणारी वाळवी प्रामुख्याने ओडोन्टोटर्मीस गटातली. तिच्या पोटात लिग्निन फोडण्याची ताकद नाही, म्हणून तिने बुरशी पाळली आहे. शब्दशः शेती. कामकरी पान खाऊन येतात, ते पोटातून भराभर पुढे सरकतं आणि अर्धवट पचलेल्या विष्ठेच्या गोळ्या ते वारुळाच्या आत, जमिनीखालच्या खोल्यांत एकावर एक रचतात. त्यातून मेंदूसारख्या सुरकुत्या असलेला, स्पंजासारखा मऊ गोळा तयार होतो. त्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढते. ती लिग्निन फोडते, सेल्युलोज मोकळं करते आणि खसखशीच्या दाण्यांएवढे पांढरे गोळे धरते. वाळवी ते गोळे खाते आणि पुढे जुना, नीट मुरलेला स्पंजही खाते. वर डोंगर करपत असताना आत तापमान तिशीच्या आसपास आणि हवा दमट राहते. बाहेर कुजायला ओल नाही, म्हणून वाळवीने ओल घरात ठेवली आणि कुजवण्याचं काम घरात आणलं.

हीच बुरशी आषाढ-श्रावणात जमिनीवर छत्र्या काढते, आणि मग गोव्यापासून कोकणापर्यंत सगळ्यांना वारुळं आठवतात. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि या अळंब्यांना त्यावरूनच नाव आहे. खूण अशी की छत्रीच्या मधोमध टोक असतं आणि देठ जमिनीत मुळासारखा लांब खाली जातो, थेट त्या स्पंजापर्यंत. अळंबी काढताना वारूळ खोदलं की खालची बागच उद्ध्वस्त होते. देठ जमिनीलगत कापून घ्यावा. छत्री उघडून बीजाणू पडून जाऊ देणं तर आणखी चांगलं, कारण नवी वसाहत बऱ्याचदा आपली बुरशी बाहेर पडलेल्या बीजाणूंतूनच मिळवते. पण बाजारात कळ्यांना भाव जास्त, आणि घोडं तिथेच पेंड खातं.

अळंबी ओळखण्याबद्दल, थोडं कडक शब्दांत

चांदीचा चमचा काळा पडतो का, लसूण रंग बदलते का, किड्यांनी खाल्ली आहे का, या सगळ्या चाचण्या खोट्या आहेत. अमॅनिटा गटातल्या जीवघेण्या जातींमधलं विष उकळून, तळून किंवा वाळवून जात नाही. त्रास सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. मग उलट्या-जुलाब होतात, दुसऱ्या दिवशी बरं वाटू लागतं आणि तेवढ्यात यकृत निकामी होत असतं. त्यामुळे ‘काल खाल्ली, रात्रभर काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे.

आपल्या बागांत आणि कुरणांत पावसाळ्यात उगवणारी, पांढऱ्या छत्रीवर तपकिरी खवले आणि देठावर कडं असलेली क्लोरोफायलम मोलिब्डायटिस ही विषारी अळंबी पुष्कळांना फसवते. तिचा बीजाणूठसा घ्यायची रीत सोपी आहे. देठ कापायचा, छत्रीची पापुद्र्यांची आतली बाजू खाली करून ती कागदावर ठेवायची. कागद अर्धा काळा, अर्धा पांढरा असावा, म्हणजे फिका आणि गडद दोन्ही रंग दिसतात. वर वाटी पालथी घालून रात्रभर ठेवायचं. क्लोरोफायलमचा ठसा हिरवट येतो, टर्मिटोमायसिसचा फिका गुलाबीसर. छत्री फार जुनी असेल किंवा वाटीखाली वारा शिरला तर ठसा उठत नाही. आणि महत्त्वाचं: ठसा जात ओळखायला मदत करतो, खाण्याची परवानगी देत नाही.

पाळी बदलताना

मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींनंतरचे आठ दिवस रानाच्या जमिनीवर सगळ्यात गडबडीचे. वारुळांतून पंखवाली वाळवी उडते. तिच्या मागावर लाल मखमली मृगाचा किडा जमिनीतून वर येतो. तो कीटक नाही, कोळ्यांच्या नात्यातला आहे, मोजले तर पाय आठ भरतात. मोठेपणी तो वाळवी खातो, लहानपणी नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगाला चिकटून त्यांचा रस पितो. त्याचं उरलेलं वर्षभराचं आयुष्य मातीत जातं, म्हणून आपल्याला तो फक्त मृगातच भेटतो.

काजव्यांचंही तसंच. राजमाची किंवा भंडारदऱ्याला लोक पाहतात ते शेवटचे काही दिवस. त्याआधी अनेक महिने काजव्याची अळी पाचोळ्यात गोगलगायी आणि इतर मऊ प्राणी खात जगते. मोबाईलचे दिवे घेऊन झाडाखाली शंभर माणसं उभी राहिली की वरच्या काजव्यांना जोडीदार दिसत नाही आणि खालचा पाचोळा तुडवला जातो तो वेगळाच.

याच सुमाराला शेवळं पाचोळ्यातून भाल्यासारखी वर येतात. पानाआधी फूल, कारण रान अजून उघडं आहे आणि कुजका वास दूरवर जातो, त्यावर किडे येतात. भाजी करताना आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग काढून टाकतात आणि काकडांचा (काकड झाडाच्या आंबट फळांचा), नाहीतर चिंचेचा आंबटपणा घालतात. हे टाळलं तर कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी घसा असा खाजतो की पुढच्या वर्षी शेवळाचं नाव काढत नाही कुणी.

ओली पाळी : बुरशी आणि तिचे भागीदार

पहिल्या जोरदार पावसात पाचोळ्यातून चहाच्या रंगाचं पाणी निघतं. ती साखर आणि टॅनिन धुऊन जातात. मग जीवाणू आणि बुरश्या पानावर बसतात. बुरशीचा धागा काही मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास जाड. तो पानाच्या आत घुसतो आणि वाटेत विकरं सोडत जातो. जीवाणूला हे जमत नाही, तो पृष्ठभागावरच काम करतो. पानावर फिकट, ब्लीच केल्यासारखे डाग दिसले तर तिथे लिग्निन खाल्लं गेलं आहे. पडलेल्या ओंडक्यावर हे आणखी स्पष्ट दिसतं. लाकूड पांढरं, तंतूतंतू सुटणारं झालं असेल तर ती लिग्निन खाणारी पांढरी कुज. तपकिरी होऊन विटकरीच्या तुकड्यांसारखे चौकोनी तडे गेले असतील तर बुरशीने सेल्युलोज खाऊन लिग्निन मागे ठेवलं आहे.

भीमाशंकरला, तिलारीला, गोव्यातल्या म्हादईच्या रानात पावसाळी रात्री चमकणाऱ्या काटक्या दिसतात, ती पांढरी कुज करणाऱ्या मायसिना गटातल्या बुरशीची करामत. धाग्यांमध्ये एक रसायन प्राणवायूशी संयोग पावतं, विकर त्याला मदत करतं आणि ५२० ते ५३० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश निघतो. बघायचं असेल तर विजेरी बंद करून दहा-पंधरा मिनिटं नुसतं उभं राहावं लागतं. डोळे सरावले की आधी राखाडी धुकट ठिपके दिसतात. इतक्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाही. फोटोत दिसणारा झगझगीत हिरवा हा कॅमेऱ्याच्या लांबलेल्या एक्स्पोजरचा प्रताप, तेव्हा तसा शोधू नये.

बुरशीने पान मऊ केलं की खाणारे येतात. वाणी हा पुष्कळ पायांचा किडा (कुठे त्याला पैसा म्हणतात) पानं कुरतडतो, पण त्यातलं थोडंच पचवतो. बाकी सगळं बारीक गोळ्यांच्या रूपात बाहेर. वरवर वायफळ वाटतं, पण खरं काम हेच आहे. पानाचा भुगा झाला की पृष्ठभाग अनेक पटींनी वाढतो, ओल टिकते आणि जीवाणूंना आत शिरता येतं. त्यांनी मुरवलेल्या गोळ्या वाणी पुन्हा खातो. काही वाणी डिवचल्यावर हायड्रोजन सायनाइड सोडतात, तेव्हा हाताळून झाल्यावर हात धुवावेत आणि डोळे चोळू नयेत.

त्याहून लहान असतात स्प्रिंगटेल आणि कवचवाले माइट. स्प्रिंगटेल एक-दोन मिलिमीटरचा, सहा पायांचा, पण कीटकांत न मोडणारा. पोटाखाली दुमडलेला चिमटा झटक्याने सोडून तो उडी मारतो. पहिल्या पावसाचा जो मातीचा वास आपल्याला वेड लावतो, तो स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू बनवतात ते जिओस्मिन. स्प्रिंगटेल त्याच वासाच्या मागाने येतात, जीवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले बीजाणू पुढे नेतात. म्हणजे अत्तर आपल्यासाठी नव्हतंच.

या सगळ्यांना खाणारेही तिथेच. गोम, विंचू, सापसुरळी, पाचोळा उलटत फिरणारा नवरंग पक्षी. मातीच्या आत खापरखवल्या साप गांडुळं खातो. तो बिनविषारी आहे, आणि शेपटीच्या बोथट टोकामुळे ‘दोन तोंडांचा’ समजून मारला जातो. देवगांडूळ दिसायला गांडुळासारखं, पण बेडकांच्या नात्यातला पाठीचा कणा असलेला उभयचर. त्याला जबडा आणि दात असतात. आंबोलीच्या परिसरातून अशी एक जात २००३ साली नव्याने नोंदवली गेली.

नत्राचा हिशोब

इथे बागकाम करणाऱ्यांनी थोडं थांबावं. १०० ग्रॅम कोरड्या पानात साधारण ४५ ग्रॅम कर्ब आणि १ ग्रॅम नत्र असतं. बुरशी कर्बातला ढोबळमानाने ४० टक्के भाग स्वतःच्या शरीरात घालते, बाकीचा श्वासावाटे जातो. म्हणजे १८ ग्रॅम कर्ब शरीरात. तिच्या शरीरात दर १० भाग कर्बाला १ भाग नत्र लागतं, म्हणजे १.८ ग्रॅम. पानात आहे १. उरलेलं ०.८ ग्रॅम ती आजूबाजूच्या मातीतून उचलते. कर्ब आणि नत्राचं प्रमाण २५ला १ पर्यंत उतरलं की हिशोब बरोबरीत येतो, आणि त्याखाली गेलं की नत्र बाहेर पडू लागतं.

कुंडीत कोरडी पानं मातीत मिसळली की रोपं पिवळी पडतात, ती याच उसनवारीमुळे. पानं मातीत न मिसळता वर पसरा, मग उसनवारी वरच्या पातळ थरापुरती राहते. वेगळा ढीग घालणार असाल तर १० किलो कोरड्या पानांना शंभर-सव्वाशे ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून शिंपडला की प्रमाण ३०च्या आसपास येतं. युरिया नको असेल तर शेणकाला वापरा, फक्त ताज्या शेणात बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे तेवढ्याच नत्राला निदान १० किलो शेण लागेल. ढीग फसण्याचं मुख्य कारण वेगळंच असतं. पानं कौलांसारखी एकावर एक बसतात, वरून पाणी घातलं तरी ते कडेने निघून जातं आणि आतला ढीग कोरडाच राहतो. पानं आधी चुरडा, थरागणिक भिजवा. मूठ दाबल्यावर एखाद-दोन थेंब निघाले तर ओल बरोबर. धार लागली तर हवा कोंडून आंबूस वास येणार.

वणवा आणि राब

कोरड्या पाळीत पाचोळा पडून असतो, म्हणूनच वणव्याला सरपण मिळतं. आग जमिनीवरून जाते, काही सेंटिमीटर खाली तिची धग फारशी पोचत नाही. त्यामुळे वारुळातली वाळवी बहुधा तगते. पाचोळ्यातल्या गोगलगायी, काजव्यांच्या अळ्या, बुरशीचे वरचे धागे मात्र जातात. नत्र धूर होऊन उडतं. राखेत कॅल्शियम आणि पालाश उरतं, पण महाबळेश्वरसारख्या, वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या उतारावर ती राख पहिल्याच धुवांधार पावसात ओढ्याला लागते.

कोकणातल्या राबाला मात्र याच मापाने मोजू नये. टहाळ, पाला आणि शेण भाताच्या रोपवाटिकेच्या छोट्या तुकड्यावर जाळतात, त्याने तणाचं बी मरतं आणि राख बांधाच्या आत राहते. रोपाला त्याचा उपयोग होतो. तोटा पडतो तो जिथून पाला आणला त्या डोंगराला. दरवर्षी तिथलंच नत्र उचललं जातं आणि परत काही जात नाही. जुन्या देवराईत पडलेली काटकीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा दंडक असतो. तिथली आणि शेजारच्या राबाच्या रानातली माती मुठीत घेऊन पाहिली की रंगातच फरक कळतो.

दोन पाळ्या स्वतः मोजायच्या असतील तर

अभयारण्यातून पानही उचलायचं नसतं, तेव्हा हे आपल्या शेतात, आमराईत किंवा सोसायटीच्या बागेत करा. एकाच झाडाची, नुकतीच पडलेली पानं घ्या. सावलीत आठवडाभर वाळवा आणि वजन स्थिर झालं की १०-१० ग्रॅमचे वाटे करा. २० बाय २० सेंटिमीटरच्या पिशव्या शिवा. निम्म्या अर्ध्या मिलिमीटरच्या बारीक नायलॉन जाळीच्या, ज्यात बुरशी शिरेल पण वाळवी आणि वाणी शिरणार नाहीत. निम्म्या कांद्याच्या पोत्यासारख्या मोठ्या जाळीच्या, ज्यात सगळे शिरतील. सुती कापड नको, वाळवी पिशवीच खाऊन टाकते. प्रत्येक प्रकारच्या किमान पाच पिशव्या हव्यात, कारण एखादी नेमकी वारुळाच्या वाटेवर पडते आणि सगळा हिशोब बिघडवते.

पिशव्या जमिनीला टेकतील अशा ठेवा, वर थोडा पाचोळा पसरा, कोपऱ्यात खिळा ठोका, नाहीतर पावसात वाहून जातात. दोन महिन्यांनी उचलताना खाली ताट धरा. मोठ्या जाळीतून चुरा गळतो आणि तो खाल्ला गेला असं आपण समजून बसतो. माती चिकटली असेल तर हलक्या हाताने खळबळून घ्या, तिचं वजन पानापेक्षा जास्त भरतं. पुन्हा पहिल्यासारखंच वाळवून तोला. बारीक जाळीत जेवढं वजन घटलं ते बुरशी-जीवाणूंचं, मोठ्या जाळीत त्याहून जे जास्त घटलं ते वाळवी, वाणी आणि कंपनीचं. पहिली खेप होळीच्या सुमाराला ठेवा, दुसरी वटपौर्णिमेच्या, आणि दोन्ही खेपांतले हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा.